जमिनीखालची संकष्टी

संकष्टी, ॲरिझोना. जेवण झाल्यावर.

आज माझ्याने जिना चढवलाच नाही. ट्रॉय गावातलं आमचं जुनं घर विकून या वाळवंटात, जमिनीखालच्या घरात आलो. इथे एसीशिवाय गारवा असतो, विजेची बचत होते, सगळं खरं. पण आकाश बघायचं तर जिना, आणि गुडघे पार गेलेत. चंद्र पाहिल्याशिवाय मी उपास कधी सोडलेला नाही.

"फोनवर दाखवू का?" हे म्हणाले.

"आणि अर्घ्य काय फोनला देऊ?" मी चिडलेच.

मग हेच वर गेले. बराच वेळ काही नाही. मग वरूनच हाक, "अगं, दिसला! सोड उपास."

खाली आले तर केस, भुवया धुळीने माखलेल्या. डोळे लाल. वर एवढं धुळीचं वादळ असताना कसला चंद्र दिसतोय? विचारणार होते, पण ह्यांनी माझं ताट वाढायला घेतलं होतं. मी जेवायला बसले. भुवयांतली ती धूळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

उपास सुटला की मोडला, गणराया, तूच ठरव. मला एवढंच कळलं, की मी आता कधीच वर येऊन बघणार नाही, हे ह्यांनीही गृहीत धरलंय.