बारीक बासरी

पप्पा, तुमचं व्हायोलिन आता जगभर वाजतं. हसू नका, खरंच सांगतेय. आचोळ्याच्या या फ्लॅटमध्ये बेडरूमचं दार लावून मी वाजवते, कोणी नैरोबीत, कोणी लिस्बनला. नेटवरून थेट एकत्र वाजवता येत नाही, आवाज पोचायला उशीर होतो. म्हणून लिस्बनचा आमच्या ग्रुपचा म्होरक्या पियानो आणि कोरियातल्या सोलच्या एका मुलीची शिट्टीसारख्या उंच सुराची बारीक बासरी आधी रेकॉर्ड करून पाठवतो. ते हेडफोनवर ऐकत आपण आपलं वाजवायचं. सुरुवातीला स्क्रीनवर उलटे आकडे येतात, शून्यावर प्रत्येकाने एक टाळी द्यायची. त्या टाळ्या एकावर एक बसवून तो सगळ्यांना जुळवतो. तयार व्हिडिओ बघून मला वाटायचं, काय बाई नेमकी येते मी! आगाशीच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाले.

गेल्या महिन्यात आई खाली मासे घ्यायला गेली होती. वर आली ती ओरडतच. ‘अगं ए, कुकर बोंबलून बोंबलून थकला, डाळ करपली सगळी! बहिरी झालीस काय?’ बोलून गेली आणि तिचा चेहराच पडला. मग हळूच म्हणाली, ‘तुझ्या पप्पांचं असंच सुरू झालं होतं.’ मी तिच्यावरच खेकसले, हेडफोन लावले होते म्हटलं. हेडफोन तिच्या समोर टेबलावर पडलेले होते. तिने भांडं घासायला घेतलं.

तुमचं कसं सुरू झालं ते मला आठवतं, पप्पा. ‘कान देऊन वाजव, हात आपोआप येतो,’ म्हणून माझ्या बोटांवर व्हायोलिनचा बो मारायचात, आणि स्वतः मात्र चर्चच्या मिस्सात ऑर्गनवाल्याच्या खांद्यांकडे डोळे लावून बसायचात. लोकांना वाटायचं, काय शिस्त आहे या माणसाची. मग तो ईस्टर. गाणं संपलंय, सगळे थांबलेत, फादर पुढे बोलायला लागलेत, आणि तुम्ही डोळे मिटून वाजवताय. अख्खं देऊळ वळून बघतंय. शेवटी आई उठते आणि तुमचा हात धरते. घरी आल्यावर तुम्ही व्हायोलिन पेटीत ठेवलंत ते कायमचं. त्यानंतर जाईपर्यंत तुम्ही आमच्याशीही फारसं बोलला नाहीत. मला त्या गप्प झालेल्या घराची अजून भीती वाटते.

काल लिस्बनहून म्होरक्याचा फोन आला. पोरगा सज्जन आहे, आढेवेढे घेत होता. मी आपली आधीच सुरू, ‘आमच्याकडचं नेट म्हणजे ना, नुसता वैताग.’ तो म्हणाला, नेटचा दोष नाही. तुझी टाळी अगदी बरोबर बसते. पण बासरी संपते आणि तू सूर उचलतेस, त्या जागी दरवेळी मागे पडतेस. आजवर मी तुझा आवाज सरकवून बसवत आलो, पण डिसेंबरात आपण सगळे इथे लोकांसमोर एकत्र वाजवणार आहोत, तिथे मी काय सरकवू? मी म्हटलं, त्या बासरीचीच फाईल पाठव, सराव करते. तुम्हाला लिहिलेला हा कागद मी फाडूनच टाकणार आहे, पण कोणाला तरी सांगायला हवं होतं ना.

आज दुपारी फाईल आली. हेडफोन नकोच म्हणून स्पीकरला जोडली, आवाज पूर्ण वाढवला. स्क्रीनवरची रेघ वरखाली होत होती आणि मला फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. फाईलच बिघडलेली दिसतेय म्हणून पुन्हा लावली. पुन्हा तेच. लिस्बनला मनातल्या मनात दोन शिव्या घालून तिसऱ्यांदा लावली, तर आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

‘किती गोड वाजवतंय गं,’ ती म्हणाली. ‘कोण आहे?’

पप्पा, वाजणं चालू आहे की संपलंय, तेही मला कळत नव्हतं. ‘सोलची मुलगी आहे,’ मी म्हटलं. ‘छानच वाजवते.’