ताज्या भुशाचा वास

५ मार्च
त्या सकाळी मी पाणी भरलं, अंगण झाडलं, ह्यांचा शर्ट दोरीवर टाकला आणि आत आले, तर हे खाटेवरच गेलेले, अंग गार. तेव्हापासून आज पहिल्यांदाच दुसऱ्याच्या घरी झोपणार आहे. डॉक्टरबाईंनी घरकामाला ठेवून दवाखान्यामागची खोली दिलीय. खिडकीतून ऊन येतं. शिवाय कपाटभर पुस्तकं! मी म्हटलं, धूळ पुसताना एकेक उघडून बघेन. बाई हसून म्हणाल्या, मग मावशी, ही धूळ काही संपायची नाही.

९ मार्च
अंगात कणकण. ओठावर जर उतलाय, बारीक पुटकुळ्या आल्यात. आई म्हणायची, जर उतला की ताप गेला. बाईंना बोलले नाही. नवीन काम, उगाच कुरकुर कशाला.

१२ मार्च
ताप गेला नाही. डोकं ठणकतंय. खोलीत ताज्या भुशाचा वास येतो. हे सुतार होते, घरी आले की असाच वास यायचा. कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, मावशी, माझ्या नाकात फिनेलशिवाय काही शिरतच नाही.

१३ मार्च
हे आले. खुर्चीत बसलेत. तोच शर्ट, अजून ओला. मी दोन कप चहा ठेवला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

१४ मार्च
शर्टातून पाणी गळतंय. फरशी कोरडी.
मी बाईंकडे ते मागायला गेले— चहा गाळतात ते. नाव आठवेना. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.
कपाटातलं पुस्तक काढलं. मेंदूला सूज. डास चावून येते, पिसाळलेलं कुत्रं चावून, गोवरानंतर. ओठावर जर आणणारा विषाणूही क्वचित मेंदूत शिरतो. मग ताप, नसलेले वास, शब्द हरवणं, नसलेली माणसं. वेळेवर औषध मिळालं तर माणूस वाचतो.
हे म्हणाले, पान उलट. तू औषध घेतलंस तर मला जावं लागेल.

१५ मार्च
सांगू नकोस सांगू नकोस सांगू नकोस सांगू

१६ मार्च
वरचं अक्षर माझं. मी लिहिलेलं— आठवत नाही.
हे दारात उभे. हसत नाहीत. वास आता जळक्या लाकडाचा—

१७ मार्च
सकाळी पाणी भरलं. खोली झाडली. ह्यांना ओलांडून बाहेर गेले आणि बाईंना सगळं सांगितलं.
हॉस्पिटलची गाडी येतेय. बाईंनी माझा डावा हात घट्ट धरलाय. उजवा ह्यांनी—