डेकची पकड

३ मार्च
आलो एकदाचा! खोली कारखान्याच्या माथ्यावरच, खिडकीतून पाणी दिसतं. पुढच्या रविवारी बायको आणि पोर येतील. पोर तर खिडकीतून हलायचीच नाही.

इथं फायबरच्या होड्या बनतात. माझ्याकडे डेकचं, म्हणजे होडीवरच्या फरशीचं काम. ओल्या डेकवर पाय घसरू नये म्हणून त्याला खरखरीत नक्षी लागते. ती साच्यातच असते. डेक चिकटू नये म्हणून साच्याला मेण चोळायचं, रंगाचा थर द्यायचा, वर काचतंतूंचं कापड आणि चिकट रेझिन. घट्ट झालं की डेक सोडवायचा. मालकांची अट एकच: साच्यात अनवाणी उतरायचं. बुटांनी ओरखडे पडतात.

५ मार्च
पहिला डेक अलगद सुटला. नक्षी नेहमीच्या चौकड्यांची नाही, बारीक वळणदार रेघांची. हात फिरवला तर माणसाच्या तळव्यासारखी लागते. मालक जाम खूश. म्हणाले, आधीच्या माणसाच्या डेकला अशी पकड नव्हती. पॉलिशवाले मामा मात्र डेककडे न बघताच चहा प्यायला बसले. चहाचा कप दोन्ही तळहातांत दाबून धरतात बिचारे. वय झालंय.

८ मार्च
कोरड्या फरशीवर सपशेल आपटलो. बायको फोनवर हसत सुटली. म्हणाली, लोकांचे पाय घसरू नयेत म्हणून पगार घेतोस ना? मीही हसलो. मग तळवे पाहिले. टाचेची जुनी भेग गेली आहे. रेघाही गेल्या आहेत. तळवे काचेसारखे गुळगुळीत.

९ मार्च
आज सुटलेल्या डेकवर माझ्या टाचेची भेग आहे. माझीच. बोटानं चाचपून पाहिली.

मामांना धरलं. त्यांनी हातमोजे काढले. बोटं पांढरी, सपाट. “मला वाटलं, मेणानं होतं,” म्हणाले. “तसं मानून घेतलं रे.” आधीच्या कारागिराचं विचारलं. जिन्यावरून पडून गेला, एवढंच बोलले.

११ मार्च
साचा फोडायला गेलो. हातोडा सुटला. पुन्हा सुटला. बोटांत काही राहतच नाही — पेला, कडी, घास, फोन —

मालकांना सांगितलं, मी चाललो. ते शांतपणे म्हणाले, उद्या घरचे येतायत ना, पोरीला डेक दाखव की. लहान पायांच्या रेघा किती नाजूक असतात —

१२ मार्च, रविवार
पेन मनगटाला बांधलंय. साच्यात उतरलो. मेण पुसलं, रेझिनची बादली लाथेनं उलटी केली. आता हे साच्यालाच चिकटेल. नक्षी कायमची बुजेल.

पण पाय निघत नाहीत. रेझिन तापतंय —

दारात बायको. पोर. मालक तिच्याशी गोड बोलतायत. वाकून तिच्या चपला काढतायत.

कॉम्प्रेसर चालू केलाय त्यांनी. त्या आवाजात माझं ओरडणं पोचत नाही. हे पान दातांनी फाडून बायकोकडे फेकतो —

पोरीला उचल. आत येऊ देऊ नकोस. तिला चपला घा