तीन महिने गोळीविना

१८ जानेवारी, शनिवार

तीनशे बारा!

आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट माझ्या पाकिटात आला. कामणच्या आमच्या गोदामात मागच्या आठवड्यात तपासणी शिबिर होतं. सगळ्यांनी दंड पुढे केले, मीही केला. आज कागद हातात. साखर बरी, बीपी बरं. कोलेस्टेरॉल तीनशे बारा — आणि त्यातलं जे वाईट म्हणतात ते एकटंच दोनशेच्या वर. नाव पुन्हा वाचलं. हरेश्वर म्हात्रे, वय चौपन्न. मीच.

संध्याकाळी नायगावला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाहेर ही गर्दी! त्यांनी कागदावर नजर टाकली आणि लगेच लिहायला घेतलं. "गोळी सुरू करा."

"किती दिवस?"

"कायमची समजा."

कायमची! मला होतंय काय? छातीत दुखत नाही, दम लागत नाही. दिवसभर गोदामात ट्रक भरून घेत उभा असतो. धडधाकट माणसाला कायमची गोळी कशी? म्हटलं, बाई, आधी खाण्यावर आणि चालण्यावर करून बघतो. त्या म्हणाल्या, "माझा सल्ला गोळीचाच आहे. ऐकायचंच नसेल तर तीन महिन्यांनी परत तपासा आणि या. त्याच्या पुढे टाळू नका."

जयवंतीला सांगितलं. बायको म्हणून काळजी करील असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तरी मी म्हणत होते." काय म्हणत होती, ते काही सांगेना.

१९ जानेवारी, रविवार

डोकं भणभणलंय. सकाळपासून मोबाईल बघतोय. एक डॉक्टर म्हणतो, अंड्याचा बलक म्हणजे विष. दुसरा — तोही पांढऱ्या कोटातला! — म्हणतो, बलकच खा. खोबरं बंद. खोबरं म्हणजे अमृत. तूप शिवू नका. तूप रोज चमचाभर घ्याच. कोलंबी अजिबात नको. कोलंबीने काही होत नाही. एकाने तर सांगितलं, कोलेस्टेरॉल हा रोगच नाही, सगळी कंपन्यांची लबाडी. मला त्याचं सगळ्यात जास्त पटलं. म्हणूनच मग त्याच्यावर विश्वास बसेना.

प्रितेश मात्र खूश! पोरगा अठ्ठावीसचा, अंधेरीला नोकरी, उरलेला वेळ जिममध्ये. "पप्पा, गोळीबिळी काही नको. सगळं डायट असतं. मी तुमचा प्लॅन बनवतो." बनवला, फ्रिजवर चिकटवला. उकडलेलं, भाजलेलं, वाफवलेलं. तळलेलं हा शब्दच नाही.

मग म्हणाला, "खरा प्रॉब्लेम आजीचं जेवण आहे. नारळ, सुकट, तेल... आजी ताटात हार्ट अटॅक वाढते!" हसत म्हणाला तो. आई ओट्यापाशीच उभी होती. ती हसली नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

चंडिकादेवीच्या डोंगरावर चढायला सुरुवात केली. अर्ध्यात बसलो. माझ्या आईच्या वयाची एक बाई हातात परडी घेऊन पुढून निघून गेली — वर माझ्याकडे बघून हसली पण! वर पोचलो तेव्हा खाली मिठागरं उजाडत होती. बरं वाटलं. खाली उतरल्यावर टाचा ठणकत होत्या. बूट नवे आहेत, त्यामुळे असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

आज भांडण. म्हणजे भांडणही नाही.

आईने तांदळाची भाकरी केली होती आणि जवळ्याचं कालवण, नारळाच्या वाटपाचं. वास पार अंगणापर्यंत. मी ओट्स घेऊन बसलो. आई वाटीत डोकावली.

"ह्यो काय भुसा? गाईला घालतान तसा!"

"आये, डॉक्टरने सांगितलंय." (डॉक्टरने नाही, प्रितेशने. पण तसं बोललो.)

"नारल खाऊन कोन मेलाय बाला? तुजा आजा नव्वद वर्सं खायत व्हता." हा आजा तिच्या माहेरचा, तिचा बाप. थोडं थांबून म्हणाली, "का माज्या हातानं काय वाईट झाला?" मी नाही नाही म्हणत राहिलो, पण भाकरी घेतली नाही. तिने ती मोडून बाहेर कोंबड्यांना घातली.

मला एक कळत नाही. आई अठ्ठ्याहत्तरची. जन्मभर नारळ, जन्मभर सुकट. ठणठणीत! मग माझंच असं का? प्रितेशला विचारलं तर म्हणतो, तेव्हाचं अन्न प्युअर होतं. पण ती आजही जेवते ना — आमच्याच चुलीवरचं!

११ फेब्रुवारी

स्वप्नात तळलेले बोंबील आले. कुरकुरीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

चुलतभावाच्या मुलीची हळद. मांडवात बँजो, मटणाचं पातेलं एवढं की आत माणूस बसेल. मी वरणभात घेतला. बाजूचा म्हणाला, "काय हरेश्वर, माळ घातलीस काय?" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्याने कानात सांगितलं — लसूण गिळ सकाळी, माझ्या साडूचं उतरलं. तिसरा म्हणाला, गोळी घेऊ नको बाबा, पाय गळतात. चौथा म्हणाला, माझा भाऊ दहा वर्षं घेतोय, पाय त्याचे शाबूत आहेत. लग्नघरात मी एकटाच उपाशी आणि सगळ्यांचा पेशंट!

आईने लांबून माझं ताट बघितलं. ती पण वरणभातच जेवली. का? विचारायचं राहिलं.

५ मार्च, बुधवार

निकोलस कपाळावर राख लावून आला. गोदामातला माझा जोडीदार, समोरासमोर टेबलं आहेत आमची. राहायला होळी गावात, घरची भाजीची वाडी. माझं कळल्यापासून दर दोन दिवसांनी माठ नाहीतर मुळा घेऊन येतो. आजपासून ईस्टरपर्यंत त्याची मांसमच्छी बंद.

डबा उघडताना म्हणाला, "तुझा पण उपास, माझा पण उपास. माझा ईस्टरला सुटेल. तुझा कधी?"

हसण्यावारी नेलं. पण दिवसभर तेच डोक्यात. हे कधी सुटतं? की हेही कायमचंच? मग गोळीने काय घोडं मारलं होतं?

२३ मार्च, रविवार

पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं! डोंगर आता न बसता चढतो. गावात लोक विचारतात, आजारी आहेस काय? म्हणजे काम होतंय. प्रितेशने माझा फोटो काढून जिमच्या ग्रुपवर टाकला. पोरगं असं माझ्या पाठीवर थाप कधी मारत नव्हतं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

पण आईने ओटा सोडला. आज आठवडा झाला. आधी वाटलं गुडघे दुखत असतील. जयवंतीने विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमी तुमचा करा. माज्या हाताला इख हाय."

हाताला विष! जयवंतीने माझ्याकडे बघितलं. मी काय करायचं होतं? आईची समजूत घालायची तर कालवण खायला पाहिजे. कालवण खाल्लं तर तीन महिने पाण्यात. एकदा रिपोर्ट चांगला आला की आईला सांगू. तोवर गप्प.

१९ एप्रिल, शनिवार

दोनशे त्र्याऐंशी.

तीन महिने! तळलेलं नाही, मटण नाही, नारळ नाही, दोन लग्नं, एक बारसं, सगळीकडे वरणभात. घरातली म्हातारी रुसली. आणि उतरलं किती, तर एवढंसं! वाईटवालं अजून दोनशेच्या आसपासच.

माझ्यासोबत म्हणून जयवंतीनेही रक्त दिलं होतं. तिचं एकदम नॉर्मल. ती माझ्यादेखत स्टेशनवर वडापाव खाते!

प्रितेश म्हणाला, "पप्पा, खरं सांगा, चोरून काय खाल्लंत?"

ताटावरून उठलो.

२० एप्रिल, रविवार

निकोलसला ईस्टरच्या शुभेच्छा द्यायला फोन केला. रिपोर्ट काय म्हणतो, त्याने विचारलं. रेंज नाही असं खोटंच सांगून ठेवून दिला.

२१ एप्रिल, सोमवार

आज डॉक्टरीणबाईंनी वेळ दिला. मी आत गेल्या गेल्या म्हटलं, बाई, देवाशपथ मी चोरून काही खाल्लेलं नाही. त्या म्हणाल्या, "माझा विश्वास आहे. वजनच सांगतंय." मला एकदम भरून आलं. एवढ्या मोठ्या माणसाला! कशाने ते कळलं नाही.

मग विचारलं, "वडील आहेत?"

नाहीत. मी शाळेत होतो तेव्हाच गेले. भात झोडायला खळ्यावर होते, छाती धरून बसले ते उठलेच नाहीत. चव्वेचाळीसचे. गाव म्हणालं, वारं लागलं. धाकटे काकाही असेच पन्नाशीच्या आत गेले. त्यांना दारूने नेलं म्हणतात — पण किती प्यायचे, मला आठवत नाही.

त्यांनी लिहिणं थांबवलं. "बूट काढा." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. टाचेच्या वरची शीर दोन बोटांत धरून दाबली. जाड, गाठाळ, दोन्ही पायांची. मी म्हटलं, नवे बूट आहेत. त्या म्हणाल्या, "बूट नव्हे. हे कोलेस्टेरॉलच आहे, वर्षानुवर्षं साठलेलं. पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं मी."

मग समजावलं. जेवढं समजलं तेवढं लिहितो. हे जन्माचं आहे. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल लिव्हरने उचलून घ्यायचं असतं, माझं लिव्हर ते नीट उचलतच नाही. आई-बापातून एकाकडून येतं. चालणं, खाणं चांगलंच आहे, सोडायचं नाही — पण माझ्यासारख्याला तेवढ्याने पुरत नाही. गोळी लागणारच. ईसीजी काढला, तो ठीक आला. मुलांचं रक्त तपासा म्हणाल्या. जमलं तर आईचंही.

बाहेर आलो आणि स्कूटरवर नुसता बसून राहिलो. माझी चूक नव्हती, म्हणून आनंद व्हायला पाहिजे. मग स्कूटर सुरू का करवत नव्हती?

२२ एप्रिल, मंगळवार

आईशी बोललो. ती अंगणात चिंचा फोडत बसली होती. खाली बसलो, पायजमा वर केला, टाच दाखवली. म्हटलं, हे बघ, डॉक्टर म्हणतात हे जन्माचं आहे. तुझ्या जेवणाचं नाही.

तिने वाकून बघितलं. मग हात लावला. "तुज्या बापाच्या अशाच व्हत्या. मी तेल लावून चोलायची. मना वाटायचा शेतात उभा रावून होतान."

मग जे बोलली ते मला माहीतच नव्हतं. बाबा गेले त्या दिवशी सकाळी तिने कोलंबीचं कालवण केलं होतं. नवं भात आलं होतं म्हणून. बाबा दोनदा मागून जेवले. नंतर माझी आजी, बाबांची आई, तेराव्यात सगळ्यांसमोर म्हणाली — हिने जड खायला घातलं, हिने मारलं माझ्या पोराला.

"तवापासून मी कोलंबी करते कदी? बग आठवून."

नाही. घरात कोलंबी कधीच झाली नाही! आम्हाला वाटायचं तिला आवडत नाही. आणि त्याच घरात तिच्या नातवाने हसत हसत तेच म्हटलं. आणि मी तीन महिने तिची भाकरी परत केली.

म्हटलं, आये, बाबांच्या रक्तातच होतं ते. जेवले नसते तरी होतंच. ती म्हणाली, "डाक्तर बोलली असा? तिच्या तोंडानं?" हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हटलं. मग ती चिंचा फोडू लागली. बराच वेळ. रडली नाही. मलाच रडू येत होतं.

२६ एप्रिल, शनिवार

आईचं रक्त नॉर्मल! लॅबवालाही चकित. माझ्या मुलीचं, रीमाचंही आलं — ती नालासोपाऱ्याला सासरी, तिथेच दिलं तिने. तेही ठीक. फोनवर रडली पोरगी, सुटल्यासारखी.

प्रितेश टाळतोय. "मी फिट आहे पप्पा, माझं काय चेक करायचं?" आजीने त्याला हाक मारली, म्हणाली, "मना सुई टोचली तवा मी नाय घाबरली, तू घाबरतंस?" मग गेला, काल.

आईने आज भाकरी केली. मी दीड खाल्ली. कालवणातलं खोबरं तिने स्वतःच कमी केलं होतं, न सांगता.

गोळ्या आणल्यात. अजून घेतली नाही. का नाही, ते मलाच सांगता येत नाही. पाकीट उघडतो, बघतो, ठेवतो. पहिली घेतली की मी आजारी — असं काहीतरी वाटतं. सोमवारपासून घेतो.

२८ एप्रिल, सोमवार

प्रितेशचा रिपोर्ट आला. माझ्याहून जास्त. उकडलेलं चिकन खाणारं, तेलाला न शिवणारं पोर!

त्याने मोबाईलवर आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाला, "गोळी नको पप्पा. डायट अजून टाइट करतो. तुम्ही पण आधी तेच केलंत ना?"

मी आत गेलो, पाणी आणलं, त्याच्यासमोर पहिली गोळी गिळली. आणि म्हटलं, चपला घाल, डॉक्टरीणबाई आठपर्यंत असतात.