फुंकलेली नळी

सोमवार, ४ मार्च
नवी नोकरी, नवं घर आणि खिडकीसमोरच वीजकेंद्र! बायकोने बजावलं, पडदे धुराने काळे झाले तर तुम्हीच धुवायचे. म्हटलं, बाईसाहेब, इथे धूर सुटतच नाही. सिरॅमिकच्या तापलेल्या नळ्या हवेतला फक्त ऑक्सिजन गाळून घेतात, त्यात इंधन जळतं आणि उरलेला कार्बन वायू टाकीत कोंडतात. नळ्या पारखणारा मी. शाळा सुटल्यापासून कानांवरच पोट भरलंय. टिचकी मारली की धड नळी गाते, तडकलेली खोकते.

बुधवार, ६ मार्च
माझी दुसरी परीक्षा म्हणजे एक तोंड अंगठ्याने दाबून नळीत फुंकायचं. बारीक भोकही गालाला कळतं. साहेब म्हणाले, त्याला मशीन आहे. मी विचारलं, मशीनला गाल आहेत का? सगळे खो खो हसले. भट्टीवाली ताई तेवढी हसली नाही. म्हणाली, दादा, फुंकू नका, आधीचा पारखी माझा भाऊ होता, तोही फुंकायचा. डबा घेऊन आलेल्या बायकोने हट्टाने एक नळी फुंकलीच. तिच्या ओठांच्या लालीसकट ती नळी भट्टीच्या वरच्या ओळीत बसवली.

सोमवार, ११ मार्च
भट्टी पेटली. नळ्यांतून आवाज येतो, कुणी सावकाश श्वास ओढावा तसा. इतर कुणाला ऐकू येत नाही. जिन्यात मला दम लागला. बायकोने म्हातारबुवा म्हणून चिडवलं आणि मधल्या पायरीवर तीच मटकन बसली.

बुधवार, १३ मार्च
ताईला गाठलं. तिच्या भावाच्या छातीत हवा जायची, पण अंगी लागायची नाही. फुंकलेली नळी तापली की फुंकणाऱ्याचाच ऑक्सिजन गाळते; भट्टी निववून ती अखंड काढली तर श्वास परततो, म्हणाली. त्याची शेवटची नळी घाईत निववताना तडकली. तो त्याच क्षणी गेला.

गुरुवार
बायकोचे ओठ निळे. खिडक्या सताड उघड्या, हवा भरपूर — तिला पुरत नाही. हळूहळू निववायला आठवडा लागतो. भट्टी बंद करायला साहेब नाहीच म्हणतात. तिच्याकडे आठवडा नाही —

शुक्रवार
भट्टी मीच बंद केली. एकदम. एवढ्या घाईने निववायची नसते, मला कळत होतं —
खालची ओळ तडकतेय. सगळ्या मीच फुंकलेल्या. दर तड्याला छातीतून काहीतरी —
वरची अजून गातेय. तिची. गातेय —
नाही. वर आत्ता कुणीतरी खोक—