अर्ध्या लुगड्यातली राणी

माय, तुझी राणी मी गेल्या रविवारी गव्हाच्या कोठीमागे उभी केली, तोंड भिंतीकडे करून. मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझी सून तर म्हणाली, राहू द्या ना. पण तुझ्या नातीला पाहायला अकोल्याची मंडळी येणार होती, आणि शुभकार्यात समोरच्या खोलीत दुःखी बाईचं चित्र नको, ही आपल्याकडची रीत. असल्या रितींची मी पेपरात दर आठवड्याला टिंगल करतो. लोक कात्रणं ठेवतात म्हणे.

तू ते काढलंस तेव्हा मी दहावीत होतो. अमरावतीचं आपलं स्वयंपाकघर, जवसाच्या तेलाचा वास. त्याच तेलाची फोडणी आणि त्याच तेलात रंग. नवऱ्यानं रानात टाकून दिलेली राणी काळ्या मातीत झोपली आहे, अंगावर कापून उरलेलं अर्धं लुगडं. भोवती कपाशीची बोंडं फुटलेली आणि प्रत्येक बोंडात एक उघडा डोळा. मी विचारतो, डोळे काहून? तू मान वर न करता म्हणतेस, "थे झोपली हाय ना बाप्पा. कोनीतरी जागं पायजे." बाबांनी तेव्हा अकोल्यात दुसरं घर मांडलं होतं.

रविवारी पोहे खाता खाता नवऱ्या मुलाची आजी भिंतीकडे बघत राहिली. तेवढ्याच चौकोनात रंग ताजा होता. "इथं काही होतं का जी?" मी म्हणालो, घड्याळ होतं, बंद पडलं. एवढं मोठं घड्याळ बडनेऱ्याच्या स्टेशनावरही नसेल. तुझी नात बशा उचलता उचलता थांबली. माझ्या आजीनं काढलेलं चित्र होतं, म्हणाली, आणि सरळ आत जाऊन घेऊन आली. राणीच्या गालावर धूळ होती. म्हातारीनं ती पदरानं पुसली. अकोल्याचीच ती, आपल्या घरची गोष्ट तिच्या कानावर आली नसेल असं होणं नाही. बराच वेळ बोंडांकडे बघून म्हणाली, "येवढे जन जागे, अन् कोनी उठवलं नाही तिले." मग तिनंच चहा मागितला, म्हणून आम्ही सुटलो.

लग्न ठरलं. चित्र परत खिळ्यावर आहे. नात म्हणते, सासरी नेईन. मी अजून हो म्हटलेलं नाही. घड्याळ म्हणालो तेव्हा मला चित्राची लाज वाटली नव्हती, माय. तुझी वाटली होती. हा कागद चित्रामागे खोचणार होतो, पण ते अकोल्याला गेलं तर तिथं कोणीतरी वाचेल. म्हणून खिशातच ठेवला आहे.