सिंगलचं दार

१२ जानेवारी, रविवार

बॅचलर म्हणे! दोन पोरांचा बाप आणि बॅचलर!

सौदीत उतरल्यावर विमानतळावरून राबिघला येताना ह्यांनी गाडीतून बोट दाखवलं — "ते बघ, आमचं बॅचलर कॅम्प." मी म्हटलं, मग गुहागरला मांडवात माझ्या शेजारी कोण उभं होतं? ड्रायव्हर हसला. हेही हसले. इथं ज्याची बायको जवळ नाही तो बॅचलर. सिंगल पण म्हणतात. लग्न झालंय का, हे कुणी विचारत नाही.

मी आलेय म्हणून ह्यांनी कॅम्प सोडून खोली घेतलीय. मित्राची आहे, तो गावी गेलाय. खोली चांगली. पडदे धुतले पाहिजेत.

मी काही फिरायला आलेली नाही. बावीस वर्षं ऐकतेय — आणखी एक वर्ष, आणखी एक वर्ष. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, वाढवून आणला की ह्यांचं वर्ष वाढलं. रिफायनरीतले पाइप काय हे एकटेच जोडतात? ह्या वेळी माणूस सोबत घेऊनच विमानात बसणार. नाहीतर नावाची नाही!

विषय काढला. "आधी जेवून येऊ."

१४ जानेवारी, मंगळवार

विषय काढला. "चल, कॉफी पिऊ."

१७ जानेवारी, शुक्रवार

आज सुट्टी. मला थाई हॉटेलात नेलं. मी म्हटलं, थाईत काय खातात? म्हणाले, भात. भात खायला एवढ्या लांब आले का मी!

हॉटेलला दोन दारं. पूर्वी एक फॅमिलीचं, एक सिंगलचं. आता कुणी कुठूनही जावं, पाट्या तेवढ्या राहिल्यात. हे सरळ सिंगलच्या दारात शिरले. मी मागोमाग. आत वाढणारा फिलिपिनी पोरगा, रोमेल — ह्यांना बघून "नाना! नाना!" करत आला. मग मला बघितलं. तोंड उघडंच राहिलं त्याचं. "नाना... फॅमिली?" जसं काही ह्यांनी मला वाटेतून उचलून आणलं!

थाई माणूस एकही नाही. स्वयंपाकी केरळचा. थाई तेवढा भिंतीवरचा हत्ती.

आधी आमटी आली. वास ओळखीचा. चमच्याने ढवळलं तर गवती चहा! परसात माजलेला असतो तो! चहात घालायचा तो ह्या हॉटेलवाल्यांनी कोलंबीत घातलाय. मग कच्च्या पपईचा कीस, वर सुका जवळा. हे सगळं आमच्या घरी आहे की! पण कुणी असं एकत्र केलं असतं तर सासूबाईंनी हाकलून दिलं असतं.

आणि मग कोंबडी. कोंबडीत तुळस!

मी पान काढून नाकाशी धरलं. तुळसच. हात जोडू का खाऊ? ह्यांना म्हटलं, दारातल्या वृंदावनातली तुळस कोंबडीत? कुठे फेडणार हे पाप? म्हणाले, "ती वेगळी तुळस असते गं. खा."

खाल्ली.

एक गोष्ट डोक्यात बसली. हे रोमेलला म्हणाले, "आज जरा जास्त तिखट. आणि लिंबू वेगळं दे." घरी ह्यांनी आजवर कधी काही मागितलेलं नाही! पानात पडेल ते खातात. मला वाटायचं, ह्या माणसाला जीभच नाही.

१८ जानेवारी, शनिवार

कोंबडी चांगली होती. ह्यांना सांगितलेलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

हे कामावर. खोलीत बसून भिंती किती बघणार? खाली कॉफीचं दुकान आहे, एकटी गेले. काउंटरला इथलीच पोरगी, काळा बुरखा, नखं रंगवलेली. मला म्हणते, "यस, मामा?"

मामा! मिशा आहेत का मला!

हे संध्याकाळी हसून लोळले. इथं मोठ्या बाईला मामा म्हणतात म्हणे, आईसारखं.

मी बोटाने कॉफी दाखवली. तर पोरगी विचारते, "सिंगल? डबल?" आता हिला काय करायच्या चौकशा! आधी कॅम्प, मग ते दार, आता हीसुद्धा! मी गळ्यातलं मंगळसूत्र बाहेर काढून दाखवलं. ठणकावून म्हटलं — "डबल! डबल!"

अंगठ्याएवढा कप आला. आत डांबर. विकत घेतलं ते टाकायचं कसं, म्हणून प्यायले.

२२ जानेवारी, बुधवार

रात्रभर टक्क जागी. हे घोरताहेत. डबल म्हणजे दुप्पट कडक कॉफी होय!

२३ जानेवारी, गुरुवार

पुन्हा गेले. "सिंगल," म्हटलं. कडू. पण बरं वाटतं. दोन चमचे साखर घातली की औषधासारखं लागत नाही.

पोरगी कप घेऊन टेबलापाशी आली. वर विचारते, "मामा, गुड?" मी बसलेली, ती उभी. मला अवघडल्यासारखं झालं. उठून कप विसळायला निघाले तर धावत आली — "नो नो, मामा, बैठो!"

बसले.

२६ जानेवारी, रविवार

रोज जाते. ह्यांना सांगत नाही. आज तिने मला येताना बघूनच कप मांडला. मला काय लागतं ते तिला माहीत आहे! आमच्या घरात कुणाला विचारा — आईला काय आवडतं? ममता म्हणेल, आईला सगळं चालतं. माझीच लेक.

ममताचा फोन आला होता. "बाबांना विचारलंस का? काय म्हणाले?" मी म्हटलं, जेवताहेत.

३१ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा थाई. आज मीच म्हटलं, चला. हे बघतच राहिले.

रोमेलने पडद्याच्या खोलीत बसवलं. हे सारखे चुळबुळ करत होते. मी म्हटलं, ढेकूण आहेत का? नाही म्हणाले, पण पडद्याबाहेर बघत होते. कोपऱ्यात एक खुर्ची, भिंतीला टेकलेली, शेजारी पंखा. मला कळलं. म्हटलं, चला तिकडेच बसू. तिथं बसले आणि अंग सैल सोडलं ह्यांनी. ह्या माणसाला मी असं पसरून बसलेलं कधी बघितलं नाही!

तुळशीची कोंबडी मी मागवली. मग विचारलंच. घरी का येत नाही? कुणी आहे का इथं? सरळ सांगा.

"कोण असणार गं! चाळीस माणसांचं कॅम्प, घामाचे वास."

मग? लिंबाची फोड पिळून पिळून तिचं साल केलं, तेव्हा बोलले.

"तिथं मी पाहुणा असतो. तू मला चांगलं ताट काढतेस. पोरं टीव्हीचा आवाज कमी करतात. कुठे बसू ते कळत नाही, म्हणून खाटेच्या कडेला बसतो. सुट्टी संपायला आली की सगळे अगदी छान बोलतात. इथं ही खुर्ची माझी आहे, एवढंच."

मला राग यायला हवा होता. एवढं घर बांधलं, आणि ह्यांना खुर्ची हॉटेलात!

पण खरं आहे. खाटेच्या कडेलाच बसतात. चपला काढून पायाशी ठेवतात, हाताशी लागतील अशा.



२ फेब्रुवारी, रविवार

आता वहीत लिहायला काय हरकत आहे. ह्यांची सुट्टी संपून गाडी वळणाआड गेली की मी रडते. सगळ्यांच्या देखत. मग घरात येते आणि दोन दिवस चूल पेटवत नाही. चहा आणि खारी. पाय पसरून झोपते, कुणाला गरम काही लागत नाही. तिसऱ्या दिवशी आठवण येते, खरीखुरी.

हे कायमचे आले की तो तिसरा दिवस येणारच नाही. रोज तीनदा गरम. आणि हे खाटेच्या कडेला, माझ्याकडे बघत, काही न मागता. दोघांचे हाल!

माणूस चांगला आहे. लांबून तर फारच चांगला. इथं समोर बसून कोंबडी खाताना पण चांगला वाटला, ते का? दोघांनाही दुसरं कुणी वाढत होतं म्हणून.

ठरवलं. उद्या सांगते — काढा आणखी एक वर्ष. मी येईन अधूनमधून. थाई खाऊ.

ममताला काय सांगायचं ते बघू.

३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारीच आले, कामाच्या कपड्यांत. खाली कॉफीच्या दुकानात मला शोधत. मी इथं रोज येते हे ठाऊक होतं तर! समोर बसले, खुर्चीच्या कडेला. म्हणाले, "राजीनामा दिला. खलास. तू घ्यायला आलीस एवढ्या लांब, मग कसला विचार करायचा." डोळे भरलेले. तोंडाशी आलेलं 'काढा आणखी एक वर्ष' मी गिळलं.

पोरगी आली. ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हसली. "मामा, टुडे डबल?"

मी म्हटलं, नाही. दोन सिंगल.